डावीकडे, मागे, खाली

माझे भावोजी सव्वीस वर्षं गाड्यांचे सेल्फ विकत होते आणि सेल्फ गाडीत नेमका कुठे बसवलेला असतो हे त्यांनी एकदाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. हे मी चेष्टेत सांगत नाहीये. चेष्टा करतेच मी त्यांची, मेव्हणी आहे, हक्कच आहे माझा तो. पण हे खरं आहे, आणि ते मला कसं कळलं त्याची खूण अजून माझ्या उजव्या तळहातावर आहे.

सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्याबरोबर इंजिनाला पहिला धक्का देऊन जागं करणारी मोटर. बिलावर तिला स्टार्टर म्हणतात, पण बिल सोडलं तर त्या नावाने तिला कुणी विचारत नाही. सेल्फ अडकला, सेल्फ लागत नाही, सेल्फ मार, असंच सगळे बोलतात. भावोजींच्या दुकानात असे सेल्फ खोक्यात घालून छतापर्यंत रचलेले असायचे. दुकान अरुंद आणि खोल, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, वरच्या फळीवर पोचायला चाकांची शिडी, आणि पुढे लाकडी काउंटर. त्या काउंटरमागे भावोजी, पांढरा शर्ट घालून. गिऱ्हाईक यायचं, "ती गाडी नाही का, मागून जरा बसकी, तिचा सेल्फ..." म्हणायचं, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत भावोजी त्या सेल्फचा नऊ आकडी नंबर म्हणून मोकळे. दुकानाच्या मालकाला कॉम्प्युटर उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात यांनी खोकं काउंटरवर ठेवलेलं असायचं. सगळे त्यांना नंबरकाका म्हणायचे ते काही उगाच नाही.

माणूस भारी चौकस. आमच्या घरी आले की आधी फ्रिजच्या मागचं लेबल वाचणार, मग "काय गं, कशी आहेस?" एकदा मी दवाखान्यात होते तेव्हा मला भेटायला आले आणि अर्धा तास पलंगाचा दांडा फिरवून तो वर कसा होतो ते बघत बसले. मी पलंगावर वरखाली! पण गाडीचं बॉनेट उघडलं की हा माणूस दोन पावलं मागे. गाडी चालवायला शिकले नाहीत. कुणी नमुना म्हणून जुना तेलकट भाग आणला तर तो कागदात धरून बघायचे. संध्याकाळी घरी आले तरी शर्ट सकाळइतकाच पांढरा. माझी ताई म्हणते, "यांचे कपडे धुणं म्हणजे धुतलेलंच परत धुणं." आम्हाला वाटायचं, स्वभाव असतो एकेकाचा, टापटिपीचा.

आता माझं सांगते. ज्या केंद्रात म्हातारी मंडळी दिवसभर बसतात, पत्ते खेळतात, व्यायाम करतात, भांडतात, त्या केंद्राची व्हॅन मी चालवते. सकाळी घरोघर थांबून सात जणांना गोळा करायचं, संध्याकाळी परत पोचवायचं. माझ्या शेजारच्या सीटवर अण्णा बसतात. अण्णा म्हणजे भावोजींचे वडील. वय ब्याऐंशी. आयुष्यभर बसच्या डेपोत फिटर होते. हल्ली कान गेलेत. यंत्र दिलंय, पण ते कानात शीळ घालतं म्हणून अण्णा ते खिशात ठेवतात आणि समोरच्या काचेतून रस्ता बघत गप्प बसतात. त्यांच्याशी बोलायचं तर गल्ली गोळा होईल इतकं ओरडावं लागतं, म्हणून कुणी फारसं बोलत नाही. मीही नाही, हे कबूल करते.

एका सकाळी गल्लीतल्या शेवटच्या घरापाशी थांबले. तिथे तिसऱ्या मजल्यावरून गाण्याच्या बाई उतरतात. जन्मभर शाळेत गाणं शिकवलं, आता प्रत्येक पायरीला विश्रांती. त्यांना दहा मिनिटं लागतात म्हणून मी इंजिन बंद करते. बाई आल्या, बसल्या, मी किल्ली फिरवली. टक्! बस, एवढंच. परत फिरवली, परत टक्. दिवे झकास लागताहेत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक. इंजिन मात्र ढिम्म.

मी भावोजींना फोन लावला. आता सांगा, घरात नंबरकाका असताना दुसऱ्या कुणाला लावणार?

"टक् एकदाच होतं की टकटक होतं?" त्यांनी विचारलं.

"एकदाच."

"मग सेल्फ अडकलाय. पान्याच्या मुठीने त्याला दोनचार हलके ठोके दे आणि किल्ली मार. लागेल."

"पण सेल्फ असतो कुठे?"

"डावीकडे, मागे, खाली," भावोजी म्हणाले. कसे म्हणाले! पाढा म्हणावा तसे. "इंजिन संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो त्या सांध्यावर. आडवी गोल नळी, पाठीवर एक छोटी नळी."

मी बॉनेट उघडलं, समोर उभी राहिले, बाह्या सरसावल्या आणि डावीकडे, मागे, खाली हात घातला. गोल नळी लागलीसुद्धा. ती धुराची नळी होती. इंजिन नुकतंच बंद झालेलं, नळी तव्यासारखी तापलेली. मी अशी किंचाळले की अण्णांनीसुद्धा मान वळवून बघितलं.

मग काय, गाडीतल्या पोस्टमास्तर आजोबांनी रुमाल ओला करून हातावर बांधला, रस्त्यावरच्या चार जणांनी व्हॅन ढकलली, आणि ती दुसऱ्या गिअरमध्ये आचके देत एकदाची चालू झाली. केंद्रात पोचेपर्यंत व्यायामाचा तास संपला होता. सगळ्यांना त्याचा आनंदच झाला होता, एवढं एक बरं.

दुपारी गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्याने एक लांब सळई आत खुपसली, दोनदा ठोकली, मला म्हणाला "मारा किल्ली," आणि गाडी लगेच चालू! मी उतरून धावत जाईपर्यंत त्याने बॉनेट खाली आपटलंसुद्धा.

"कुठे आहे तो?" मी विचारलं.

"आहे तिथेच आहे."

"मला दाखवा ना."

"तुम्ही चालवा गाडी. ते आमचं काम." असा राग आला होता मला! मी रोज सात जणांचा जीव घेऊन रस्त्यावर फिरते, आणि याला वाटतं मला एक मोटर दाखवली तर मी ती खाऊन टाकीन. मग म्हणाला, आतले ब्रश झिजलेत, नवा सेल्फच बसवायला हवा. आणि त्या गाडीचा सेल्फ कुठल्या दुकानात संपला असेल? भावोजींच्याच. यायला दहा दिवस.

संध्याकाळी भावोजी ताईला घेऊन मला बघायला आले. हाताला मलमपट्टी, बोटं पुरी मिटत नाहीत. मला वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पट्टीकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "तू उभी कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? बॉनेटसमोर! बॉनेट काय टपावर चढून उघडतात?"

"तोंड कुठे?"

"गाडीकडे! भावोजी, माझा हात भाजलाय!"

"अगं, म्हणजे तुझं डावं ते गाडीचं उजवं झालं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला एक ठेवून द्यावीशी वाटली. "गाडीचं डावं म्हणजे आत बसलेल्याचं डावं."

"मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?"

 चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. मग म्हणाले, "मलाही आत्ताच कळलं. नंबरांच्या पुस्तकात इंजिनाचं चित्र असतं, पण भोवती गाडी नसते. नुसतं पांढऱ्या कागदावर तरंगत असतं. डावीकडे लिहिलेलं असतं, म्हणून मी डावीकडे म्हणतो."

"पण गाडीत बघितलं असेल ना कधी?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"एकदाही नाही? सव्वीस वर्षांत?"

"एकदाही नाही."

मी आणि ताई हसून हसून मेलो. पट्टी बांधलेला हात धरून मी हसत होते आणि दुखत होता म्हणून रडत होते. भावोजी हसले नाहीत. "किती जणांना सांगितलं असेल मी," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता उठले. त्यांना खरंच लागलं होतं ते, आणि मला नंतर वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर नवीनच प्रकार सुरू झाला. तो मी स्वतः बघितलाय. गिऱ्हाईक सेल्फ मागायला आलं की भावोजी खोकं काढायचे, पण हातात द्यायचे नाहीत. "एक सांगा, तुमच्या गाडीत हा बसतो कुठे?" लोक चक्रावायचे. विकणारा नंबरकाका हाच, आणि विचारतोय मला! कुणी हवेत बोट नाचवायचं, कुणी काउंटरवर पेनने रेघोट्या ओढायचं, आणि डावं-उजवं यावरून दोन ड्रायव्हरांची जुंपायची. सगळ्यांचा नुसता गोंधळ. एक दिवस एक ट्रकवाला वैतागला. पाठ फिरवून उभा राहिला आणि स्वतःच्या उजव्या कुल्ल्यावर थाप मारून म्हणाला, "हे बघा काका, मी इंजिन. तोंड रस्त्याकडे. सेल्फ इथे!"

भावोजींना ते इतकं आवडलं म्हणता, विचारू नका. माणसाला स्वतःचं डावं-उजवं समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी लगेच नियमच केला. सेल्फ हवा असेल तर काउंटरकडे पाठ करून उभं राहायचं आणि अंगावर जागा दाखवायची. मी नवा सेल्फ आला का विचारायला गेले तर तीन दांडगे पुरुष रांगेत पाठमोरे उभे, एक कमरेवर हात ठेवून, एक बरगडीखाली बोट खुपसून, आणि तिसरा खेकड्यासारखा आडवा. "याचं इंजिन आडवं बसवलेलं आहे," भावोजींनी मला समजावलं. मालक गल्ल्यावर बसून डोळे पुसत होते, हसून. एका गाडीत म्हणे सेल्फ इंजिनाच्या पोटात, वरचं सगळं उतरवल्याशिवाय दिसतच नाही. ते दाखवताना त्या बिचाऱ्या मेकॅनिकने बेंबीवर हात ठेवला होता.

"घरी येऊन माझ्या पाठीत बोट खुपसतात," ताई म्हणाली. "परवा स्वयंपाक करताना म्हणाले, हलू नकोस, तू आता डिझेल आहेस."

माझ्या व्हॅनसारखी व्हॅन चालवणारा एक जण आला तेव्हा त्याने डाव्या कुल्ल्याच्या जरा वर, मागच्या अंगाला थाप मारली. भावोजींनी त्याला तीनदा मारायला लावली. मग मला फोन केला, "सापडला! रविवारी येतो बघायला."

तोवर मी व्हॅन उतारावर लावत होते. उतारावर ब्रेक सोडला की गाडी घरंगळते, गिअर टाकला की चालू होते, सेल्फची गरज नाही. पण गाण्याच्या बाईंची गल्ली सपाट, परातीसारखी. तिथे मी इंजिन चालूच ठेवून दहा मिनिटं बसायचे आणि शेजारच्या खिडकीतून एक गृहस्थ धुरावरून माझा उद्धार करायचे.

रविवारी भावोजी आले, पांढरा शर्ट, हातात टॉर्च. मी बॉनेट उघडलं. आधी ते गाडीकडे पाठ करून उभे राहिले, डाव्या बाजूला मागे थाप मारली, त्याच हाताने मागे गाडीची ती बाजू धरली आणि ती न सोडता वळले. वळल्यावरही हात गाडीच्या बरोबर त्याच बाजूला होता. मग टॉर्च मारला. बॅटरीपासून एक जाड केबल निघाली होती. तिच्या मागे मागे ते उजेड नेत राहिले, इंजिनाच्या कडेने, खाली, मागे. एका पत्र्याच्या आड ती केबल दिसेनाशी झाली.

"ही तिथेच जाते," ते कुजबुजले. "एवढी जाड केबल दुसऱ्या कशाला लागतच नाही. त्या पत्र्यामागे आहे तो. दिसणार नाही, पण हात घातला तर लागेल."

"घाला मग."

"नको."

"गाडी गार आहे भावोजी. कालपासून उभी आहे."

"मी नाही घालत हात."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. चेष्टा अगदी ओठांवर आली होती, पण मी ती गिळली. "शर्टाची काळजी वाटते का?" एवढंच विचारलं.

"शर्टाचं काय," ते म्हणाले. मग बंपरला टेकून उभे राहिले आणि अगदी साधेपणाने सांगायला लागले. "मी नऊ वर्षांचा होतो. अण्णांनी मला डेपोत नेलं होतं. मीच हट्ट केला होता, महिनाभर. बसचं इंजिन उघडं पडलं होतं. काय सांगू तुला, एवढं मोठं, आणि त्यातली एकेक गोष्ट कशाला आहे ते मला विचारायचं होतं. मी हात पुढे केला. अण्णा ओरडले, हात लावू नकोस! अख्ख्या डेपोसमोर. आणि माझ्या हातावर फटका मारला. सगळे बघायला लागले. मी फाटकापाशी जाऊन बसलो. परत कधी गेलो नाही."

"आणि अण्णा?"

"त्यांनी परत कधी नेलं नाही. मी समजलो. हे त्यांचं, आपण हात लावायचा नाही. मग निदान नंबर तरी माझे, असं वाटलं." ते हसले. "पंचेचाळीस वर्षं झाली गं. पण हात पुढे केला की तो फटका आठवतो. वेडेपणा आहे, कळतं मला."

मला इतकं वाईट वाटलं की मी चक्क त्यांना चहा करून दिला आणि फ्रिजमागे जाऊ दिलं. पण जाताना त्यांनी मला बजावलं, "कुणाला सांगू नकोस. आणि एक, मी काउंटरवर बसून परत कुणाला 'डावीकडे' म्हणणार नाही. स्वतःच्या हाताला लागल्याशिवाय नाही. मालकांना सांगितलंय, मला मागे गोदामात बसवा."

"अहो, गोदामात कशाला? तुमच्यावाचून दुकान चालेल का?"

"तुझा हात भाजला," ते म्हणाले. "उद्या कुणाचा तरी डोळा जाईल." आणि गेले. मालकांनी त्यांना मंगळवारपर्यंत विचार करा म्हणून सांगितलं होतं, हे मला ताईने रात्री फोनवर सांगितलं. तिचा आवाज रडवेला होता. काउंटर सुटला तर हे वाळून जातील, म्हणाली.

मंगळवारी दुकान बंद असतं. सकाळी अण्णांना घ्यायला गेले तर भावोजीही व्हॅनमध्ये चढले. "मला तो टक् ऐकायचाय," म्हणाले. मागे पोस्टमास्तर आजोबांशेजारी बसले. गाण्याच्या बाईंच्या गल्लीत मी नेहमीसारखं इंजिन चालू ठेवलं, आणि खिडकीतल्या गृहस्थांनी आज घागरभर पाणी हातात घेऊनच दर्शन दिलं. आता काय करणार? बंद केलं. बाई उतरल्या, बसल्या, मी किल्ली फिरवली.

टक्!

"हाच का तो?" भावोजींनी मागून विचारलं. आवाजात इतकी उत्सुकता की जणू मी त्यांच्यासाठीच वाजवून दाखवला.

रस्त्यावर ढकलायला चिटपाखरू नाही. माझा हात अजून पट्टीत. गाडीतली मंडळी, पोस्टमास्तर सोडले तर, स्वतःला ढकलायची वेळ आलेली. मी बॉनेट उघडलं आणि पान्याची मूठ भावोजींपुढे धरली.  

त्यांनी पाना घेतला. गाडीकडे पाठ केली, डाव्या कुल्ल्यावर थाप मारली. मागच्या खिडकीतून बाई खुदकन हसल्या. ते वळले, बाही वर केली, आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला आणि थांबला.  चोपन्न वर्षांचा माणूस, आणि नऊ वर्षांच्या पोरासारखा खालचा ओठ दाताखाली धरलेला.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. अण्णा काठी टेकत खाली उतरले. एकेक पाऊल टाकत आले, बॉनेटपाशी उभे राहिले, आत एक नजर टाकली. बस, एकच. इतके दिवस तो माणूस माझ्या शेजारी बसून होता आणि मी गावभर विचारत फिरत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! अण्णांनी काठी माझ्या हातात दिली आणि भावोजींचं मनगट धरलं.

"ही नळी सोड. तापली आहे," अण्णा म्हणाले. "पत्र्याच्या मागून ये. हां. खाली. आणखी खाली. लागला?"

भावोजींनी डोळे मिटले होते. "लागला," ते म्हणाले. मग परत, जरा मोठ्याने, "लागला!"

"वरची छोटी नळी सोडून मोठीवर ठोक. हळू. पोराच्या पाठीवर मारल्यासारखं."

मी धावत जाऊन आत बसले. टक टक टक, ठोके ऐकू आले. किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडत चालू झालं. मागून टाळ्या पडल्या. खिडकीतल्या गृहस्थांनीसुद्धा घागर खाली ठेवली.

मी बाहेर आले तर दोघं तसेच उभे. भावोजींचा हात कोपरापर्यंत काळा, शर्टाच्या बाहीला तेलाचा पट्टा. ते त्या हाताकडे बघत होते. मग ते काहीतरी म्हणाले आणि अण्णांनी कानामागे हात धरला. "काय?"

"तुम्हीच म्हणाला होतात!" भावोजींना ओरडावं लागलं. इंजिन चालू, कान गेलेले, दुसरा इलाजच नव्हता. जे बोलणं माणूस अंधारातसुद्धा बोलणार नाही ते त्यांनी भर गल्लीत ओरडून सांगितलं. "डेपोत! मी लहान होतो! हात लावू नकोस म्हणालात! फटका मारलात!"

अण्णा बघत राहिले. मला वाटलं, आठवत नसेल.

"अरे, तापलं होतं ते!" अण्णा म्हणाले. "बस नुकतीच आली होती. हात भाजला असता तुझा."  त्यांनी अजून मनगट सोडलं नव्हतं. "गार झाल्यावर हाक मारली होती मी तुला. दोनदा. तू फाटकापाशी पाठ करून बसलास, आला नाहीस. मला वाटलं, पोराला हे आवडत नाही. मग मीही नेलं नाही परत."

 भावोजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला गेले तर काळा हात गालाला लागला. 

अण्णा माझ्याकडे वळले. "बंद कर गाडी."

"अहो अण्णा, एवढ्या मुश्किलीने चालू झालीय! आधीच उशीर..."

"बंद कर," अण्णा म्हणाले. "गार होऊ दे. त्याला सगळं दाखवायचंय."

मी आत वाकले आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.